हिरा अडवता येतो, भिंत नाही!

अहो, हे तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही एखाद्या जव्हेऱ्याकडे कच्चा हिरा दिलात, त्याने त्याला पैलू पाडले, झिलई दिली, आणि तुम्ही मजुरीच दिली नाहीत, तर तो हिरा तो स्वतःकडे ठेवून घेऊ शकतो! कायद्याने! मजुरी मिळेपर्यंत! आणि हे उदाहरण माझ्या डोक्यातलं नाही. भारतीय करार कायदा, साल 1872, कलम 170. तिथे चक्क छापलंय! कायद्यात उदाहरणं असतात हेच मला ठाऊक नव्हतं! 'अ' ने 'ब' ला हिरा दिला, अशी सुरुवात करून छोटी छोटी गोष्टच सांगितलीय! आणि लगेच खाली शिंप्याची गोष्ट! कापड दिलं, कोट शिवून घेतला, पण शिंप्याने आधीच कबूल केलं होतं की कोट तयार झाला की लगेच देतो आणि पैसे तीन महिन्यांनी चालतील. मग त्याला कोट अडवता येणार नाही. उधारी कबूल केलीस ना? मग हक्क गेला!

दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हिरेवाल्याचा आणि शिंप्याचा इतका बारीक विचार केला! मी ते वाचलं आणि खुर्चीवरून उठलेच. या हक्काला म्हणतात धारणाधिकार. बोलताना सगळे लिएनच म्हणतात. ज्या वस्तूवर मी कष्ट केले, ती वस्तू माझे पैसे मिळेपर्यंत माझ्या हातात. किती सरळ! किती न्यायाचं!

आणि मग मला प्रश्न पडला, आणि त्या प्रश्नाने माझी झोपच उडवलीय. हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याला जो हक्क आहे, तो भिंत उभी करणाऱ्याला आहे का?

नाही!

नाही हो! आपल्याकडे नाही! अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जिकडे मान वर करावी तिकडे क्रेन, निळे पत्रे, हिरव्या जाळ्या, आणि त्या जाळीमागे काम करणाऱ्या लादीवाल्याला, प्लंबरला, सेंटरिंगवाल्याला, वायरमनला आपण उभ्या केलेल्या इमारतीवर बोट ठेवून 'माझे पैसे द्या, तोवर ही माझी' असं म्हणायचा हक्कच नाही!

आधीच सांगते, मी वकील नाही. इंजिनियर नाही. घरात कुणी ठेकेदार नाही. मला जे कळलंय ते वाचून आणि विचारून कळलंय, आणि कोर्टकचेरीची वेळ आली तर तुम्ही वकिलालाच गाठा. पण हे कळल्यापासून मला गप्प बसवत नाहीये, तेव्हा चला माझ्याबरोबर!

सुरुवात झाली ती आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या मसुद्यापासून. जाडजूड कागद. कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस, पार्किंग, सगळे त्यावर तुटून पडलेले. आणि कुठेतरी मध्येच एक ओळ: कंत्राटदाराचा किंवा पोटठेकेदाराचा मिळकतीवर कोणताही लिएन राहणार नाही. एकच ओळ! कुणी तिकडे बघितलंही नाही! मी मात्र तिथेच अडकले. लिएन म्हणजे काय? तो राहणारच नाही असं लिहावं का लागलं? आणि मग मी करार कायदा उघडला, आणि मग तो हिरा सापडला, आणि मग संपलंच!

आधी ही साखळी बघा. जमीन सोसायटीची. सोसायटीचा करार विकासकाशी. विकासक काम देतो मुख्य कंत्राटदाराला. तो आरसीसी एकाला देतो, प्लंबिंग दुसऱ्याला, वायरिंग तिसऱ्याला, लादी चौथ्याला, वॉटरप्रूफिंग पाचव्याला. हे झाले पोटठेकेदार. त्यांच्याखाली मुकादम. मुकादमाखाली कारागीर आणि मदतनीस. अंधेरीचं डी. एन. नगर घ्या, घाटकोपरचं पंतनगर घ्या, बोरिवलीचं शिंपोली घ्या, चित्र हेच! आणि पैसा वरून खाली येतो, गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यासारखा, वरच्या नळाला धो धो आणि तळमजल्याला करंगळीएवढी धार, आणि मध्ये कुणी व्हॉल्व बंद केला तर खालच्याने कुणाला हाक मारायची? त्याला वरचा माणूस दिसतसुद्धा नाही!

आणि मग मी एका साइटवर लादी बसवताना बघत उभी राहिले. तुम्ही कधी नीट बघितलंय? बघाच! आधी दोरी ओढतात, भिंतीपासून भिंतीपर्यंत, ताणून. मग सिमेंट-वाळूच्या मालाचा थर. मग वर सिमेंटचं पातळ पाणी. मग लादी अलगद ठेवायची, आणि रबरी हातोड्याने टक टक टक. आवाजाकडे कान! पोकळ आवाज आला की लादी उचलली, खाली आणखी माल सारला, पुन्हा टक टक. दोन लाद्यांच्या मधे प्लास्टिकचा इवलासा तुकडा, स्पेसर, म्हणजे फट सगळीकडे सारखी! कारागीर लेव्हलसुद्धा लावतो, पण खरं म्हणजे त्याला ते हातालाच कळतं! आणि मी बघत होते, आणि मला एकदम जाणवलं: खोक्यातली लादी ही वस्तू आहे. हातातली लादीही वस्तूच. पण बसली, खालचा माल घट्ट झाला, की ती वस्तू उरत नाही! ती इमारत झाली! आणि इमारत म्हणजे जमीन! आणि जमीन ज्याची, लादी त्याची!

हीच तर सगळी मेख! कलम 170 चा हक्क चालतो तो तुमच्या ताब्यात सोपवलेल्या मालावर. उचलून नेता येईल अशा मालावर. हिरा, कापड, दुरुस्तीला टाकलेली गाडी. इमारत कुणी कुणाच्या हातात सोपवत नाही. ठेकेदार साइटवर असतो तो मालकाच्या परवानगीने, काम करायला, आणि बिल थकलं म्हणून तिथे ठाण मांडून बसायची ती परवानगी नसते. जितकं काम पक्कं, तितका हात रिकामा! चांगलं काम करणाऱ्याचाच हक्क आधी जातो! कुणी विचार केला होता का याचा?

पुढचं कलम 171 तर आणखी भारी! तिथे काही लोकांना ढोबळ धारणाधिकार दिलाय, म्हणजे कोणत्याही जुन्या बाकीपोटी हातात असलेला माल ठेवून घ्यायचा. कुणाला? बँकांना, अडत्यांना, धक्क्यावरच्या वखारवाल्यांना, विमापत्राच्या दलालांना, आणि हायकोर्टाच्या ॲटर्नींना! म्हणजे आपले मुंबईचे सॉलिसिटर! वकिलांनी फी थकली म्हणून अशिलाची फाइल अडवायची नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2000 साली बजावलं, ती गोष्ट वेगळी. पण यादी बघा ना! गवंडी नाही! सुतार नाही! लोहार नाही! 1872 साली मुंबईत केवढ्या इमारती उठत होत्या, फोर्टची तटबंदी पाडून नवं शहर बांधलं जात होतं, आणि यादीत बांधणारा कुठेच नाही!

बरं, लादी लावणाऱ्याचं जाऊ द्या, लादी विकणाऱ्याचं काय? त्याला आहे! 1930 चा मालविक्री कायदा! पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल आपल्या ताब्यात असेपर्यंत अडवता येतो. आणि घेणाऱ्याचं दिवाळं वाजलंय असं कळलं तर वाटेतला मालसुद्धा थांबवता येतो! वाटेतला! म्हणजे ट्रक मुलुंडच्या चेकनाक्यावर उभा आहे, आणि कायदा म्हणतो, वळव मागे! पण ट्रक साइटच्या गेटातून आत गेला, माल उतरला, चलनावर सही झाली, की संपलं. हक्क गेटाबाहेर राहिला!

आणि रेडीमिक्स! तो गोल गोल फिरणारा ड्रम! भारतीय मानक आयएस 4926 सांगतं की भरल्यापासून साधारण दोन तासांच्या आत काँक्रीट ओतलं गेलं पाहिजे. दोन तास! साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा वेळ तिथेच! म्हणजे काँक्रीटवाल्याच्या हातात जो काही हक्क आहे त्याचं आयुष्यच दोन तासांचं! तो अडवून करणार काय, ड्रममध्ये दगड?

आणि लिफ्ट! लिफ्टवर तर पाच न्यायमूर्ती बसले होते! कोने एलिव्हेटर्सचा खटला, 2014. लिफ्ट देणं आणि बसवणं ही मालाची विक्री की कामाचं कंत्राट? प्रश्न होता कराचा, पण वाचताना मला माझाच प्रश्न दिसत होता! कारण लिफ्ट खोक्यात येत नाही. येतात ते सुटे भाग: दोर, मोटर, पट्ट्या, दारं. ते शाफ्टमध्ये जोडले की लिफ्ट होते. चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरलं की हे कामाचं कंत्राट आहे. म्हणजे लिफ्ट जन्मालाच येते इमारतीच्या पोटात!

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत मेरीलँड राज्याने 1791 साली, हो, 1791 साली, बांधणाऱ्याला इमारतीवरच धारणाधिकार दिला! तिथे नवी राजधानी वॉशिंग्टन उभी राहत होती, पैशाची खात्री नाही म्हणून कारागीर बिचकत होते, आणि मग कायदाच केला की घर बांधलंस आणि पैसे मिळाले नाहीत तर त्या घरावर आणि जमिनीवर तुझा बोजा! पुढे तो कायदा अमेरिकाभर पसरला. तिथल्या घरमालकाला धसका असतो तो याचाच: मुख्य कंत्राटदाराला पैसे दिले आणि त्याने पोटठेकेदाराला दिले नाहीत, तर तो पोटठेकेदार थेट माझ्या घरावर बोजा नोंदवेल! म्हणून मालक आधीच विचारतो, खालच्यांना पोचले का? विचारतो! स्वतःहून!

पण मला खरं हलवलं ते कॅनडातल्या ओंटारिओने. आपली किती मराठी माणसं तिथे ब्रॅम्प्टनला, मिसिसागाला राहतात, त्यांना विचारा! तिथे कायदा म्हणतो की मालकाने प्रत्येक बिलातले 10 टक्के राखून ठेवायचेच. मला वाटलं, यात काय विशेष, आपल्याकडेही रिटेन्शन कापतातच की, पाच टक्के, दहा टक्के, आणि म्हणतात डिफेक्ट लायबिलिटी संपल्यावर देऊ. आणि मग मी पुढे वाचलं आणि चाटच पडले! आपल्याकडे ते पैसे राखतात मालकासाठी, काम बिघडलं तर हाताशी असावेत म्हणून. तिथे राखतात पोटठेकेदारासाठी, मुख्य कंत्राटदाराने बुडवलं तर त्याला देता यावेत म्हणून! तेच टक्के! तीच कपात! आणि हेतू बरोब्बर उलटा! शिवाय 2019 च्या ऑक्टोबरपासून तिथे मुदतही लागू आहे: योग्य बिल आल्यापासून 28 दिवसांत मालकाने द्यायचं, आणि पैसे हातात पडल्यापासून सात दिवसांत कंत्राटदाराने खाली द्यायचं. सात दिवस! आमच्या इथल्या एका प्लंबिंगच्या ठेकेदाराला मी हे सांगितलं तर तो काही बोललाच नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

इंग्लंडनेही 1996 च्या कायद्याने एक गोष्ट केली: 'मला वरून मिळाले की तुला देतो' ही अट बेकायदा! वरचा दिवाळखोरीत गेला तरच काय ती सूट. आपल्या उपनगरांत ही अट म्हणजे रोजचा वरणभात! बॅक टू बॅक म्हणतात तिला. वर्क ऑर्डरच्या मागच्या पानावर, बारीक टायपात. शिंप्याची गोष्ट आठवली का? उधारी कबूल केलीस? मग हक्क गेला!

मग आपल्या पोटठेकेदाराने जायचं कुठे? थेट मालकाकडे? त्यावर निकाल आहे, आणि गोष्ट समुद्रातली आहे! ओएनजीसीने समुद्रातल्या तेलफलाटांचं काम दिलं हिंदुस्तान शिपयार्डला. शिपयार्डने त्यातलं काही काम दिलं एस्सार ऑइलला. म्हणजे एस्सार पोटठेकेदार! एवढी मोठी कंपनी, पण साखळीतली जागा तीच! ओएनजीसीने शिपयार्डच्या सांगण्यावरून काही रकमा थेट एस्सारला दिल्याही होत्या. बाकी थकली आणि एस्सारने ती मागितली, तेव्हा शिपयार्ड म्हणालं, ओएनजीसी तुम्हाला थेट देत होती ना, मग उरलेलेही तिनेच द्यायचे. 2015 साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही! एस्सारचा करार शिपयार्डशी, ओएनजीसीशी तिचा करारच नाही, तेव्हा द्यायचं ते शिपयार्डनेच. थेट पैसे दिले ते शिपयार्डच्या वतीने. त्याने नातं जुळत नाही. आता बघा हं, थेट पैसे मिळूनही एस्सारसारख्यांचं मालकाशी नातं जुळत नाही, तर शिंपोलीच्या लादीवाल्याचं काय?

करार कायद्यातच कलम 70 नावाची एक खिडकी आहे खरी. कुणी फुकट करायच्या हेतूने नव्हे असं काम तुमच्यासाठी केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्या, असं ते म्हणतं. बंगालच्या बी. के. मंडल अँड सन्स या ठेकेदारांनी सरकारसाठी धान्याची गोदामं आणि काही खोल्या बांधल्या, सरकारी करार रीतसर झालेलाच नव्हता, तरी सुप्रीम कोर्टाने याच कलमाखाली पैसे मिळवून दिले! वाचून मी टाळीच वाजवली! पण पोटठेकेदाराचा करार मुख्य कंत्राटदाराशी असतो, आणि मालक म्हणतो, मी कंत्राटदाराला दिले की! खिडकी आहे, पण त्याच्यासाठी फार अरुंद.

मग दिवाळखोरी कायदा? इथे तर मला 'नच बलिये' सापडलं! खरंच! टीव्हीवरचा तो नाचाचा कार्यक्रम! स्टार टीव्हीने त्याच्या मतदानाचं काम मोबिलॉक्स कंपनीला दिलं, मोबिलॉक्सने ते किरुसा नावाच्या कंपनीला पोटठेक्याने दिलं, आणि मग बिलं थकली, सुमारे 20 लाखांची. किरुसाने मोबिलॉक्सविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात, एनसीएलटीत केला. मोबिलॉक्स म्हणाली, आमचा आधीपासूनच वाद आहे, तुम्ही गोपनीयतेचा करार मोडलाय. आणि 21 सप्टेंबर 2017 ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं की नोटिशीच्या आधीपासून खराखुरा वाद असेल, नुसता बनावट नव्हे, तर हा रस्ता बंद. नाचाच्या मतदानातून निघालेला निकाल आज देशभरच्या ठेकेदारांना लागू आहे! म्हणून साइटवर बिल आलं की वरून एक ईमेल निघतो: लादीत पोकळी, रंगात डाग, कामाला उशीर. झाला वाद! त्यात 24 मार्च 2020 पासून किमान थकबाकीची अट एक लाखावरून एक कोटीवर गेली. आणि छोट्याला तो दरवाजा उरलाच नाही.

दिवाणी दाव्यात निकालाआधीच मालमत्तेवर जप्ती मागता येते, पण 2008 साली सुप्रीम कोर्टाने बजावलं की तारण नसलेल्या येण्याला तारणाचं येणं करायला ही सोय नाही. आणि हे ऐका, खास आपल्या मुंबईसाठी 1939 सालची एक दुरुस्ती आहे! मिळकतीवर दावा चालू असल्याची सूचना रजिस्ट्रारकडे नोंदवायची, म्हणजे विकत घेणारा सावध! मी किती आनंदले! पण ती चालते मिळकतीच्या हक्कावरच वाद असेल तेव्हा. नुसत्या पैशाच्या मागणीला नाही. परत तेच! भिंतीपर्यंत हात पोचतच नाही!

आणि मग लघुउद्योगांचा कायदा, 2006 चा. हा वाचताना मी अक्षरशः नाचत होते! 45 दिवसांच्या वर उधारी नाही! उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ! फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जा! निवाड्याला आव्हान द्यायचं तर आधी 75 टक्के रक्कम भरा! आणि 1 एप्रिल 2024 पासून आयकरातही चिमटा: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही! अहो, मिळालं की उत्तर!

पण थांबा. 2017 साली स्टर्लिंग अँड विल्सनच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने म्हटलं की माल आणि मेहनत एकत्र असलेलं कामाचं कंत्राट या कायद्याच्या यंत्रणेत बसत नाही. 2021 साली नागपूर खंडपीठानेही वर्ध्याच्या पालिकेविरुद्धच्या प्रकरणात तोच सूर धरला. देशातल्या सगळ्याच कोर्टांचं यावर एकमत नाही, पण आपण मुंबईत राहतो. म्हणजे बघा, लादी विकणारा कायद्यात आहे. नुसती सेवा देणाराही कायद्यात आहे. आणि लादी आणून ती बसवून देणारा, विथ मटेरियल काम घेणारा, तो बाहेर! दोन्ही केलं म्हणून बाहेर! हे मला पटत नाही. अजिबात पटत नाही. बदलायला हवं, आणि ते संसदेने एका वाक्यात करण्यासारखं आहे.

कायदा हात देत नाही म्हणून लोक थांबलेत का? छे! उपनगरांनी स्वतःचे लिएन तयार केलेत! पहिला, पुढच्या तारखेचा चेक. वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम 138. तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवसांची मुदत, मग तक्रार. दुसरा, शेवटचं काम. सगळं प्लंबिंग होतं, फक्त सीपी फिटिंग, म्हणजे नळ, लागत नाहीत! घर तयार, पाणी तयार, नळ ठेकेदाराच्या गोदामात! तिसरा, पैशाऐवजी फ्लॅट. स्टीलवाल्याच्या, सिमेंटवाल्याच्या बाकीपोटी बिल्डर त्याच इमारतीतला फ्लॅट नावावर करून देतो. आणि चौथा, जो कळल्यावर मी थक्क झाले: कागद! महापालिकेची ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, हवी तर ड्रेनेज पूर्ण झाल्याचा परवानाधारक प्लंबरचा दाखला हवा, लिफ्टचा परवाना हवा, अग्निशमनाची ना-हरकत हवी, स्ट्रक्चरल इंजिनियरचं प्रमाणपत्र हवं. पैसे थकले की कागद थकतो! भिंत अडवता येत नाही ना? मग भिंतीचा कागद अडवू!

किती हुशारी! पण याचा फटका कुणाला? ओसी अडली की विकासकापेक्षा जास्त तडफडतात ते भाड्याच्या घरात दिवस काढणारे जुने रहिवासी, आपले आईवडील, शेजारच्या काकू. लादीवाल्याचे पैसे बुडवले मुख्य कंत्राटदाराने, आणि भोगतं तिसरंच कुणी. उघड, नोंदवलेला, मुदत असलेला धारणाधिकार असता तर ही चोरवाट लागलीच नसती.

आणि सगळ्यात मोठा शोध तर आता सांगते! साखळी ओलांडून वरच्या माणसाला जबाबदार धरणं आपल्या कायद्याला माहीतच नाही असं नाही! 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याचं कलम 21 सांगायचं: ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची, आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. नव्या कामगार संहितेतही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे मजुरासाठी कायदा सरळ वर चढतो! मी त्या साइटवरच्या लादीच्या मुकादमाची वही बघितली. एका पानावर हजेरी, उभ्या रेघा, आडव्या काट्या. बाजूला उचल. खाली दर आठवड्याची खर्ची. खर्ची प्रत्येक शनिवारी दिलेली! न चुकता! आणि शेवटच्या पानावर त्याची स्वतःची आरए, म्हणजे चालू कामाची, बिलं, लांबी गुणिले रुंदी, दरवाजाची जागा वजा, स्कर्टिंग वेगळं, आणि पुढे 'येणे', 'येणे', 'येणे'. खालच्यांना तो देतोय, कुठून देतोय कोण जाणे. कायदा त्याच्या मजुरांसाठी वर चढतो आणि त्याच्यासाठी मात्र थांबतो! का? तोही त्या लादीपाशी गुडघे टेकून बसलेलाच असतो!

म्हणून आता तुम्ही माझ्या कटात सामील व्हा. तुम्ही ठेकेदारी करत असाल, तर प्रत्येक मोजमापावर सही घ्या, लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी करा, माल आणि मजुरीच्या वर्क ऑर्डर शक्य तिथे वेगळ्या ठेवा, आणि लक्षात ठेवा, पैशाची मुदत ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. ती मुदत उलटायच्या आत बाकी लेखी कबूल करून घेतलीत तर ती पुन्हा नव्याने सुरू होते. त्या एका सहीने!

आणि तुमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल, तर तुमच्या हातात आज, या क्षणी, कुठलाही नवा कायदा न होता करण्यासारखं काहीतरी आहे! पुनर्विकासासाठीच्या सरकारच्या 79-अ च्या सूचनांमुळे बँक गॅरंटी मागायला आपण शिकलो, कार्पेट एरिया मोजायला शिकलो. आता मसुद्यातली ती लिएनची ओळ शोधा. ती राहू द्या, घर तुमचं आहे, त्यावर बोजा नको हे खरंच. पण तिच्या खाली आणखी एक ओळ घालायला लावा: विकासकाने दर टप्प्याला मुख्य कंत्राटदाराकडून पोटठेकेदारांची यादी आणि त्यांना पैसे पोचल्याच्या त्यांच्याच सहीच्या पावत्या सोसायटीला द्याव्यात, आणि कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता त्या पावत्यांशिवाय सोडू नये. विकासक कुरकुरेल. वकील म्हणेल, अशी पद्धत नाही. तुम्ही म्हणा, आहे, ओंटारिओत आहे! पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि सचिव विसरले तर तुम्ही लेखी पत्र द्या.